१६१३ चं कमिन्स इंजिन घरीच उघडलं: एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव (आणि त्या पिनेबद्दल जरा जास्तच)

समोरचं क्रँक सील (क्रँकच्या पुढच्या टोकाला ऑइल अडवणारी रिंग) गळायला लागलं म्हणून हे लिहिणं झालं. चालत्या इंजिनाबद्दल कोण लिहितं? गाडी टाटा १६१३ ट्रक, इंजिन कमिन्स ६बीटी, ५.९ लिटर, १२ व्हॉल्व्हचं. फुल इंजिन काम घरच्या खळ्यात, पत्र्याखाली. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि डिझेल पंपाचं टेबल (मशीनवरचं सेटिंग) एवढंच बाहेर. नंतर रावेर-सावद्याची केळी, मे महिन्याचं भुसावळचं ऊन आणि बिजासन घाट, सगळं या इंजिनाने बघितलं.

निकाल आधीच सांगतो. ऑइल खाणं बंद. ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) फुंकत नाही. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. पैसे वसूल. तरी तक्रारी आहेत.

पहिली तक्रार एका पिनेची. टायमिंग गिअरचं हाउसिंग ब्लॉकवर नेमकं बसावं म्हणून आत स्टीलची छोटी डॉवेल पिन असते. ती फक्त घट्ट बसण्यावर थांबलेली, पुढून अडवणारं काही नाही. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती पुढे सरकत येते. नशीब बरं असेल तर खालच्या ऑइल चेंबरमध्ये पडते. नसेल तर गिअरच्या दातांत जाते: दात तुटतात, हाउसिंग फुटतं आणि टायमिंग सुटलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बोअर केलेला ब्लॉक, ग्राइंड केलेला क्रँक, नवे पिस्टन, सगळं त्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याच्या हातात. १२ व्हॉल्व्हच्या ६बीटीचा हा दोष जगभर माहीत आहे. आपल्याकडे मात्र विषय काढला की मिस्त्री हसतात. 'चालस ना, मंग चालू दे!'

उपाय फुकटात होतो, म्हणून जास्त राग येतो. समोरचं कव्हर उतरलेलं असताना पिन पंचने पूर्ण आत ठोकायची. जाड पत्र्याची पट्टी कापून शेजारच्या हाउसिंग बोल्टखाली अशी घालायची की तिचं टोक पिनेच्या भोकावर आडवं येईल. बोल्ट साफ करून लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावायचं आणि २४ न्यूटन-मीटरला कसायचं. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पट्टी गिअरला कुठे घासत नाही ना ते बघायचं. हाउसिंगचे बाकीचे बोल्टही तेव्हाच तपासा, तेही ढिले निघतात. इंजिन खाली असताना हे अर्ध्या तासाचं काम आहे. गाडीवर करायचं म्हटलं तर पंखा, पुली, डॅम्पर, कव्हर सगळं उतरवावं लागतं. इंजिन कामाच्या सुट्या भागांचं किट विकणाऱ्यांनी ही पट्टी डब्यातच द्यायला हवी. चमकदार स्टिकर देतात, पट्टी देत नाहीत.

आता बोअर. या इंजिनाला लायनर नाही, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतो. स्टँडर्ड बोअर १०२ मिमी. गोलाईतला फरक ०.०३८ किंवा टेपर (वरच्या-खालच्या मापातला फरक) ०.०७६ मिमीच्या पुढे गेला की नुसत्या रिंगा बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. मग ०.५ मिमी ओव्हरसाइज, आपल्याकडे ज्याला 'वीस' (इंचाचे वीस हजारांश) म्हणतात. पिस्टन हातात आल्यावर प्रत्येक पिस्टन मोजूनच ब्लॉक मशीनवर चढवायला सांगा. आधी बोअर आणि मग पिस्टन, ही उलटी गंगा शहरातही चालते.

भांडण झालं ते होनिंगवरून, म्हणजे बोअर केल्यावर आतून दगडाने घासण्यावरून. ब्लॉक परत आला तो आरशासारखा गुळगुळीत. दुकानदाराला त्याचाच अभिमान. पण रिंग बसायला तिरप्या जाळीदार खुणा लागतात, त्यांत ऑइल धरून राहतं. आरसा झालेल्या बोअरमध्ये रिंग बसतच नाही आणि नवं इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल खातं. बरीच हुज्जत घातल्यावर पुन्हा होन करून मिळालं. बिल हातात येण्याआधी बोअरमध्ये बॅटरी मारून बघा, नंतर कोणी ऐकत नाही.

घरी आणल्यावर ब्लॉक डिझेलने पुसून भागत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. पांढरं फडकं फिरवून ते करडं व्हायचं थांबेपर्यंत धुवा, लगेच वाळवा आणि ऑइल लावा. ऑइलच्या गल्ल्यांचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून तारेच्या ब्रशने आतूनही. ऑइल कूलरमध्ये जुन्या बेअरिंगचा चुरा अडकलेला असतो. तो न धुता बसवला की नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी तोच चुरा मिळतो. पॅकिंग पेस्ट कमीत कमी. आत लोंबलेली पेस्ट सुटली की ऑइल स्ट्रेनरची जाळी तुंबवते.

आकडे ज्यांना हवेत त्यांच्यासाठी: वरच्या रिंगची गॅप ०.४० ते ०.७०, बाकी दोन्हींची ०.२५ ते ०.५५ मिमी. मेन बोल्ट तीन टप्प्यांत १७६ न्यूटन-मीटर, कनेक्टिंग रॉड ३५, ७०, १००. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.५१. एक नंबर पिस्टन वर आणून इनटेक १-२-४ आणि एक्झॉस्ट १-३-५, पूर्ण फेरा देऊन उरलेले. फेरा देण्याआधी टायमिंग पिन (एक नंबरची जागा दाखवणारी, ती डॉवेल पिन नव्हे) बाहेर ओढा, प्लास्टिकची असते, तुटते.

सीलचं कारण साधं निघालं. सील टेफ्लॉनचं असतं आणि ते कोरडंच बसवायचं असतं. क्रँकचं तोंड आणि सीलची ओठी, दोन्ही पुसून कोरडी. ग्रीस लावायची आपली सवय इथे नडते. पण सील कोरडं बसवूनही गळतं, कारण जुन्या सीलने क्रँकवर खाच पाडलेली असते. नखाला खाच लागली तर खाचेवर पातळ वेअर स्लीव्ह (स्टीलची कडी) ठोकावी किंवा सील थोडं वेगळ्या खोलीवर दाबावं. किटमध्ये स्लीव्ह नव्हती. विक्रेता म्हणाला, 'बसवलेला माल परत नाही.' स्लीव्हचे पैसे वेगळे गेले, तेही पुन्हा सगळं समोरचं उतरवून. एक बरं झालं, पिनेवरची पट्टी जागच्या जागी दिसली. मिस्त्री या वेळी हसले नाहीत.

अपग्रेड म्हणाल तर इंटरकूलर, टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी. पंप वाढवून हॉर्सपॉवर चढवणं टाळलं: धूर वाढतो, पिस्टन तापतो, आणि गाडीत बदल करण्याबद्दलच्या मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची भानगड वेगळी. पंप टेबलावर नंबरी (कंपनीच्या) सेटिंगवर, नोझल नवे. इंटरकूलरबद्दल मत सुरुवातीला वाईट होतं. तो रेडिएटरच्या पुढे बसतो, बिजासन चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला, म्हणजे हवा हाच अडवतो असं वाटलं. काढून टाकायची तयारी होती. ते मत आता बदललं. दोष रुईचा होता. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने फिरलं की रुई आणि धूळ इंटरकूलर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन नमदा होते, समोरून जाळी स्वच्छच दिसते. इंटरकूलरचे चार बोल्ट सोडून पुढे ओढा आणि पंख्याच्या बाजूने बाहेर हवा मारा. पाण्याचा जोर कमी ठेवा, पाती वाकतात. पंख्याभोवतीचं कवच तुटकं असेल तर तेही लावा, पुष्कळ गाड्यांवर ते नसतंच. एवढं झाल्यावर काटा घाटातही जागेवर आहे आणि चढावर धूरही कमी आहे. होज मात्र सिलिकॉनचेच घ्या, पट्टीच्या साध्या क्लिपा बूस्टने (टर्बोच्या हवेच्या दाबाने) सुटतात.

रनिंगबद्दल, म्हणजे नवं इंजिन पहिल्यांदा चालवून बसवण्याबद्दल, गावोगावी एकच सल्ला मिळतो: रात्रभर स्लोवर ठेवा, मग रिकामी फिरवा. ऐकू नका. रिंगा दाबाने बसतात आणि दाब लोडशिवाय येत नाही. तासन्तास आयडलवर ठेवलं की बोअर चकचकीत होतो आणि सगळी मेहनत वाया. पहिल्या स्टार्टआधी टर्बोच्या ऑइल लाइनमध्ये थोडं ऑइल ओता, स्टॉप (इंजिन बंद करायची दांडी) ओढून धरून ऑइल प्रेशर येईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने सेल्फ मारा. गरम इंजिनाला आयडलवर १० पीएसआयच्या खाली आणि पूर्ण आरपीएमला ३०च्या खाली प्रेशर दिसलं तर पुढे जाऊ नका. मग अर्धा लोड, गिअर बदलत, चढ-उतार असलेला रस्ता. पहिलं ऑइल लवकर काढा आणि फिल्टर कापून बघा. बारीक चमक चालते, नखाला टोचणारा तुकडा चालत नाही.