चिनी आकड्यांचं ॲप: काही महिने वापरल्यावर

चीनमधल्या यिवू शहराच्या होलसेल बाजारातून खेळणी आणि कटलरी मागवतो. बाकी चिनी येवो न येवो, भाव तरी कानाला कळावा म्हणून आकड्यांच्या सरावाचं एक मोफत ॲप घेतलं.

नव्व्याण्णवपर्यंतचा भाग झकास आहे. एक ते दहा पाठ झाले की संपलं. सत्तेचाळीस म्हणजे 'चार-दहा-सात', स-श-छी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस सात' आणलं तर आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! तिथली पोरं बोलायला लागल्यापासून हेच म्हणतात, एकोणसाठ-एकोणसत्तरची भानगडच नाही.

चार आणि दहा मात्र छळतात. ॲपमधली बाई 'स' आणि 'श' स्वच्छ वेगळे म्हणते. दक्षिणेकडचे बरेच जण दोन्हीला 'स'च म्हणतात. मग चारचा सूर पडतो आणि दहाचा चढतो, एवढाच आधार. व्हिडिओ कॉलवर मी सरळ हात दाखवायला सांगतो. दोन तर्जन्यांची फुली म्हणजे दहा. अंगठा आणि करंगळी ताठ म्हणजे सहा. ॲपमध्ये या खुणा नाहीतच.

खरा पैशाचा प्रश्न शंभराच्या पुढे येतो. 'ई पाय वू' (एक-शंभर-पाच) ऐकलं की एकशे पाच वाटतं, पण ते दीडशे! एकशे पाचला मध्ये शून्य बोलावंच लागतं, 'ई पाय लिंग वू'. दोनचंही तसंच. नुसता आकडा असेल तर 'अर्', पण नग किंवा पैसे मोजताना 'ल्यांग'. अडीच युआन म्हणजे 'ल्यांग ख्वाय वू' ('ख्वाय' म्हणजे बोलण्यातला युआन). ॲपने हे सगळं दोन ओळींत उरकलंय.

मोठे आकडे ते मिलियनमधून शिकवतं, तो धडा सोडाच. दहा हजारांचा एक 'वान'. म्हणजे लाख दहा वान, कोटी हजार वान, आणि दहा कोटींना नवा शब्द, 'ई' (एकचाच उच्चार, पण सूर पडता). चीनची १४० कोटी लोकसंख्या चौदा 'ई' झाली. लाख-कोटीवाल्यांना हे सोपं जातं.

लिहिण्याचा सराव मी अर्ध्यावर सोडला. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा, एकावर उभी रेघ मारली की दहा. रेघ वाढवून रक्कम फुगवता येते, म्हणून चेकवर वेगळी, किचकट अक्षरं लिहितात. माझ्या बिलांवर साधे १, २, ३च येतात.

मोफत भाग जरूर वापरा, पैसे भरून पुढची पातळी घेऊ नका. आणि फोन नंबर सांगताना एकाला 'याओ' म्हणतात, तेही त्यात नाही.