गॅलरीतला गवती चहा: दीड वर्षानंतरचा अनुभव

मागच्या वर्षी जूनमध्ये गुहागरहून निघताना आत्तेने गवती चहाचे तीन फुटवे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबले. एसटीत शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "लिंबं फुटली का हो तुमची?" त्याला आता अठरा महिने झाले. गवती चहा कसा जगवायचा यावर भरपूर सल्ले मिळतात. मला तो जगवायला काहीच कष्ट पडले नाहीत, आवरायला मात्र पडले, म्हणून हे लिहितेय.

जागा आधी सांगते. पुणे, तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी, दुपारी दोनपासून मावळेपर्यंत कडक ऊन. त्याच गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्या, वॉशिंग मशीन आणि मुलाची सायकल. म्हणजे झाडाला मिळणार दीड फूट बाय दीड फूट. त्याहून जास्त द्यायची माझी तयारी नव्हती.

कुंडी बारकी ठेवली की झाड बारकं राहील, असा माझा सरळ हिशोब होता. आठ इंची कुंडीत तिन्ही फुटवे लावले. गणपतीपर्यंत तिनाचे वीसच्या वर झाले आणि पाती दोरीवरच्या टॉवेलांना टेकायला लागल्या. ही पात दिसायला मऊ, पण तिच्या कडेला बारीक धार असते. टोकाकडून बुडाकडे उलटं बोट फिरवून बघा, लगेच कळेल. सायकल काढताना मुलाच्या दंडावर अशी एक लालबुंद रेघ उठली की घरात पंचायत बसली. झाडाला दोरीने बांधायचं ठरलं. मी सुतळीने कमरेशी आवळून झाडूसारखं बांधलं. दिसायला नीट झालं, पण आतल्या पाती कोंदून पिवळ्या पडल्या आणि काहींवर खालच्या बाजूने तपकिरी, गंजासारख्या बारीक रेघा आल्या. हा तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. पावसात हवा खेळली नाही की येतोच. त्या पाती काढून फेकल्या, सुतळी सोडली, तो आपोआप मागे हटला. फवारणी काही केली नाही. जे उकळून प्यायचं त्यावर मी करणारही नाही.

दिवाळीच्या सुमाराला नवीन प्रकार. रोज पाणी घालूनही पातींची टोकं वाळत होती. पाणी घातलं की दहा सेकंदांत खालच्या भोकातून बाहेर. मला वाटलं, निचरा काय छान आहे! एक दिवस खुरप्याचं टोक घालायला गेले तर ते आत शिरेचना. कुंडीत माती अशी उरलीच नव्हती, नुसता मुळांचा काथ्या, आणि मधोमध ठणठणीत कोरडा. पाणी मुळं आणि कुंडीची भिंत यांच्या फटीतून घसरत होतं. कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवली, बुडबुडे थांबेपर्यंत, तेव्हा कुठे झाड दोन दिवसांत सावरलं. तेव्हाच हेही लक्षात आलं, की बारक्या कुंडीने झाड बारकं राहत नाही, फक्त उपाशी राहतं. वर तेवढंच माजतं, पण वाळक्या पातींसकट.

मग २० लिटरची रंगाची रिकामी बादली, बुडाला तापलेल्या सळईने सहा भोकं, माती आणि शेणखत निम्मं निम्मं. इथवर ठीक होतं. मोठी चूक पुढे डिसेंबरात केली.

वर्ष संपायच्या आत गॅलरी आवरायची म्हणून मी विळ्याने सगळा ठोंब मुळाशी, दोन बोटांवर कापला. गवतच ते, लॉनसारखं परत येईल! आलं नाही. गवती चहाचा वाढता कोंब दांड्याच्या अगदी बुडाशी असतो. तिथेच कापलं की कोंब जातो, आणि दांड्याच्या पोकळीत पाणी साचून उरलेलं सडतं. त्यात पुण्याची थंडी. या दिवसांत तो असाही सुस्त असतो. चाळीसेक थोटकांपैकी निम्म्याहून जास्त काळी, बिलबिलीत झाली. दोन महिने बादलीत नुसती खुंटं, आणि मी मंडईतून दहा रुपयांची जुडी आणून चहा करतेय. आत्तेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मुळावर कुणी कापतं का गो? वीतभर ठेवायचा. आणि थंडीत हात लावायचाच नाही."

तिच्याकडे कुणी तो कधी आवरत नाही हे मला नंतर सुचलं. कोकणात हा लावतात न्हाणीच्या सांडपाण्यावर, मागीलदारी. पाणी आपसूक मिळतं आणि घरात आठ-दहा माणसं, दिवसातून दोन-तीनदा चहाचं आधण. रोज कुणीतरी जाऊन बाहेरच्या चार पाती ओढून आणतं. रोजच्या त्या ओढण्याने ठोंब आटोक्यात राहतो. आमच्याकडे माणसं तीन, चहा दिवसाला चार कप, कपाला दोन पाती. आणि ठोंब होता दहा माणसांचा. मी झाडाला नावं ठेवत होते, पण खरी गोष्ट ही होती की ते आमच्या पिण्यापेक्षा मोठं होतं. तेव्हापासून जागा मोजायची सोडून कप मोजायला लागले.

उन्हाळा लवकर आटपते: मार्चमध्ये पाच-सहा खुंटांना हिरवं फुटलं, मेमध्ये रोज दोन वेळा पाणी लागलं, टोकं करपली ती कात्रीने उडवली. बस.

यंदाच्या जूनमध्ये, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, ठोंब फोडला. बादली आडवी करून दोघांनी ओढली तरी निघेना. शेवटी बादलीच कापली. बाहेर आला तो बादलीच्याच आकाराचा, भोकांचे ठसेसुद्धा उमटलेला मुळांचा गोळा. पाव कापायच्या दातेरी सुरीने मधोमध चिरला, करवतीसारखा. पहिल्या दोन ओढींतच लिंबाचा असा भपकारा सुटला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर बघून विचारलं. आत बघितलं तर मधला भाग जुना, वाळका, पेंढ्यासारखा. ताजे, गुबगुबीत, बुडाशी पांढरट फुटवे सगळे बाहेरच्या कडेला. म्हणजे लावायचं ते कडेचं, टाकायचं ते मधलं. मोजले, ६१ भरले. मी ठेवले फक्त पाच. पाती १५ सेंटीमीटरवर छाटल्या, मुळं तिसरा हिस्सा कापली आणि १२ इंची कुंडीत लावले. आठवडाभर ऊन नाही. नवव्या दिवशी मधून नव्या पातीची सुरळी वर आली.

उरलेल्या ५६चं काय, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. सोसायटीत अकरा घरांना दिले. बाराव्याने आमच्या हातात पिशवी बघूनच दार लोटलं. बाकीचे वॉचमनच्या बायकोने कंपाउंडच्या भिंतीला लावले, नळ गळतो तिथे. तो पट्टा आज कमरेएवढा आहे. याला आपल्याकडे फूल क्वचितच येतं आणि बी धरत नाही, त्यामुळे लागवड अशी फुटव्यांवरच चालते. कुणाच्या दारी गवती चहा दिसला तर तो कुणीतरी कुणाच्या तरी पिशवीत कोंबलेलाच असणार.

आता पद्धत बसली आहे. रोजच्या चहाला बाहेरची, पूर्ण वाढलेली पात, बुडाशी धरून बाजूला ओढून काढायची. मधल्या सुरळीला हात लावायचा नाही. जुलै ते ऑक्टोबर या भराच्या दिवसांत महिन्यातून एकदा अर्धाच ठोंब १५ सेंटीमीटरवर कापते, पुढच्या महिन्यात उरलेला अर्धा. सगळा एकदम कापला की पंधरा-वीस दिवस चहाला काही नसतं. नवीन फुटवे पंधराच्या वर गेले की कडेचे दोन-तीन मुळासकट उपटून कुणाला तरी देते. ऑक्टोबरनंतर विळा बंद, वाळकी पात तेवढी काढायची. ती इतर कुंड्यांत मातीवर अंथरते. ओल टिकते, तण कमी येतं.

खताचं: पहिल्या पावसाळ्यात हौसेने दर पंधरा दिवसांनी गांडूळखत घातलं. पाती लांबच लांब, मधून मोडून पडणाऱ्या, आणि चहाला वास कमी. यंदा दोन मुठी जूनमध्ये, दोन सप्टेंबरात, एवढंच. पाती आखूड आहेत, ताठ आहेत, आणि दोनाऐवजी दीड पातीत काम भागतं. हे माझ्या जिभेचं मत.

डासांबद्दल लोक हमखास विचारतात. गवती चहा लावला की डास येत नाहीत असं नर्सरीवालाही सांगतो. आमच्याकडे संध्याकाळी डास याच पातींच्या बुडाशी बसलेले असतात. ज्याच्या तेलाचा डासांसाठी बोलबाला आहे ते सिट्रोनेला हे याचंच भावंड, पण गवत वेगळं. त्याचे दांडे बुडाशी लालसर असतात आणि त्याचा चहा करत नाहीत. लावताना तेवढं बघून घ्या.

आणि चहा करताना: पाती चुरडून, गाठ मारून, आल्याबरोबर पाण्यातच उकळायच्या. दूध घातल्यावर टाकल्या तर वास म्हणावा तसा उतरत नाही. वाळवून डब्यात भरायचा प्रयोग केला होता. महिन्याभरात चहाचं नुसतं गवत झालं.

डिसेंबर सुरू आहे. कुंडीत आज १४ फुटवे, उंची माझ्या गुडघ्याच्या थोडी वर, टॉवेल आणि सायकल दोन्ही सुखरूप. कौतुकाने आत्तेला फोटो पाठवला. तासाभराने तिचा फोन. "एवढासाच? पाणी घालतेस ना गो?"