रायडिंग जॅकेट, रायडिंग जीन्स आणि हातमोजे: रोजच्या कपड्यांशी तुलना करून केलेले परीक्षण

जाळीच्या कापडाचे रायडिंग जॅकेट, आतून अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचे अस्तर लावलेली जीन्स, मनगटाच्या वरपर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट, असा मध्यम किमतीचा संच मी ऊन, पाऊस आणि थंडी अशा तिन्ही हवामानांत रोजच्या ये-जा करण्यासाठी आणि अधूनमधून लांबच्या प्रवासासाठी वापरला आहे. त्याआधी कित्येक वर्षे सुती शर्ट, साधी जीन्स आणि कॅनव्हासचे बूट एवढ्यावरच मोटारसायकल चालवत होतो, त्यामुळे दोन्ही प्रकारांची तुलना करण्याइतका अनुभव गाठीशी आहे. उत्पादकाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच बांधणीचे कपडे अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्यांतल्या बहुतेकांना लागू पडतात. हेल्मेटचा विषय येथे घेतलेला नाही. ते डोक्यावर आहे असे गृहीत धरले आहे. या कपड्यांत मी पडलेलो नाही, तेव्हा हे परीक्षण बांधणी, लेबल, बेताचे माप आणि रोजची सोय यांवर आधारलेले आहे.

रोजच्या कपड्यांना नावे ठेवण्यापूर्वी त्यांच्याकडून नेमकी काय अपेक्षा असते हे पाहणे योग्य ठरेल. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस रस्त्यावर पडून घसरू लागला आणि कपडा व रस्ता यांच्यातील घर्षणगुणांक ०.६ धरला, तर तो थांबायला साधारण २.४ सेकंद लागतात आणि तोपर्यंत तो १६ मीटरांहून अधिक फरफटत जातो. वेग ताशी ८० असेल तर हेच आकडे पावणेचार सेकंद आणि ४२ मीटर असे होतात. साधी डेनिम घर्षणाच्या चाचण्यांमध्ये सहसा सेकंदभराच्या आतबाहेर फाटते, आणि पातळ सुती शर्ट त्याहूनही लवकर. म्हणजे अगदी शहरातल्या वेगालाही उरलेला काळ कातडीलाच घासावे लागते. व्यायामाचे पॉलिएस्टरचे कपडे तर आणखी त्रासदायक, कारण ते घर्षणाच्या उष्णतेने वितळून जखमेला चिकटू शकतात. अरामिडचा धागा, ज्याला बहुतेकजण केव्हलार या व्यापारी नावाने ओळखतात, असा वितळत नाही, आणि रायडिंग जीन्समध्ये तो वापरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

खरेदी करताना मी सर्वांत आधी आतल्या शिवणीला लावलेले लेबल वाचले, आणि तेथेच या संचातली सर्वांत मजेशीर गोष्ट सापडली. मोटारसायकलच्या कपड्यांसाठी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ईएन १७०९२ या युरोपीय मानकानुसार कपड्यांना एएए, एए, ए, बी आणि सी अशा श्रेणी दिल्या जातात. चाचणीत कापडाचा तुकडा फिरत्या दांड्याला बसवून काँक्रीटच्या फरशीवर सोडतात आणि दांडा थांबेपर्यंत घासू देतात. कोपर, खांदा, गुडघा, खुबा अशा सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठी एएए श्रेणीला ताशी १२०, एएला ७० आणि एला ४५ किलोमीटर वेगाशी जुळणारी चाचणी पार करावी लागते. बी श्रेणीत घर्षणाची अट एसारखीच असते, पण आघात झेलणारे पॅड नसतात. सी श्रेणीत उलट पॅड असतात आणि घर्षणाला टिकण्याची हमी नसते. आता माझ्या संचातले, खांद्यावर प्लॅस्टिकच्या वाट्या आणि छातीवर ठसठशीत पट्टे असलेले, शर्यतीतून उठून आल्यासारखे दिसणारे जॅकेट निघाले ए श्रेणीचे. आणि चारचौघांत कोणाच्या नजरेतही न भरणारी जीन्स मात्र एए श्रेणीची. नुसत्या दिसण्यावर गेलो असतो तर अंदाज नेमका उलटा बांधला असता.

जॅकेटबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण बहुतेकजण सुरुवात तेथूनच करतात. खांदे आणि कोपर या ठिकाणी जाड नायलॉनचे कापड आहे, पण छाती, पाठ आणि दंडाचा आतला भाग जाळीचा आहे. पॅड पहिल्या पातळीचे आहेत. हातापायांच्या पॅडसाठी असलेल्या ईएन १६२१-१ या मानकात ५० ज्यूल ऊर्जेचा आघात करून पॅडच्या पलीकडे सरासरी किती बल पोहोचते ते मोजतात. पहिल्या पातळीला ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि दुसऱ्या पातळीला २० किलोन्यूटनपर्यंत मुभा असते. हा फरक लहान नाही. दुसऱ्या पातळीचे पॅड सुटे मिळतात आणि बहुतेक जॅकेटांच्या कप्प्यांत बसतात, त्यामुळे ही उणीव भरून काढता येते. पाठीच्या कप्प्यात मात्र जे निघाले ते पाहून हसावे की रागवावे हे कळेना: मऊ स्पंजची एक पातळ पट्टी, जिच्यावर कोणत्याही मानकाचा शिक्का नाही. पाठीचा पॅड देणे जॅकेटला ईएन १७०९२ या मानकाने बंधनकारक नाही, त्यामुळे उत्पादक नियम मोडत नाही. पण कप्प्याला बाहेरून पाठरक्षकाचे चित्र लावून आत स्पंज ठेवणे ही शुद्ध दिशाभूल आहे. स्वतंत्र पाठरक्षकावर ईएन १६२१-२ हा क्रमांक असतो आणि त्यात दुसऱ्या पातळीला पलीकडे पोहोचणाऱ्या सरासरी बलाची मर्यादा ९ किलोन्यूटन आहे. मी तसा एक घेऊन कप्प्यात बसवला. वजन किंचित वाढले, पाठीला घामही अधिक येतो, तरीही तो काढावासा वाटलेला नाही.

मापाच्या बाबतीत आरशासमोर उभे राहून काहीही कळत नाही. हात हँडलकडे पसरून, पाठ थोडी वाकवून बसले की बाही वर सरकते, कमरेमागे कापड चढते आणि कोपराचा पॅड जागा सोडतो. मी वापरतो ती कसोटी सोपी आहे: जॅकेट पूर्ण बंद करून, हात वाकवून, दुसऱ्या हाताने कोपराचा पॅड धरायचा आणि तो दंडाभोवती फिरवून पाहायचा. तो आतल्या बाजूला वळत असेल, तर पडताना रस्ताही त्याला तसाच वळवणार आणि कोपर उघडे पडणार. या जॅकेटच्या बाहीला दंडावर आणि कोपराखाली आवळण्याचे पट्टे आहेत. ते आवळल्यावर पॅड जागेवर राहतो, सैल सोडल्यास राहत नाही. कमरेमागे जॅकेट आणि पँट एकमेकांना जोडणारी छोटी चेन आहे, जी बहुतेकजण कधी लावतच नाहीत. घसरताना जॅकेट वर जाऊन पाठ उघडी पडू नये म्हणून ती असते, आणि ती लावायला लागणारा वेळ अगदी नगण्य आहे.

उकाड्याविषयीची तक्रार खरी आहे, पण अर्धवट खरी. गाडी चालू असताना जाळीतून येणारा वारा सुती शर्टाइतकाच मोकळा लागतो. सिग्नलला थांबल्यावर मात्र हे जॅकेट अंगावर भार होऊन बसते. हवेचे तापमान कातडीच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, वर गेले की वारा थंडावा देण्याऐवजी अंग तापवू लागतो. अशा वेळी आतला बनियन ओला करून घालणे हा उपाय चांगला लागू पडतो, कारण वाऱ्यामुळे पाण्याची वाफ होत राहते आणि जाळीमुळे ती बाहेर पडते. पाणी वाळले की पुन्हा जैसे थे, हे लक्षात ठेवावे. उघड्या हातांनी शर्टावर गाडी चालवणाऱ्याला वाटणारा गारवा पुष्कळदा घाम लगेच उडून गेल्याचा असतो, आणि लांबच्या प्रवासात त्यातूनच अंगातले पाणी कमी होत जाते.

पावसाचे अस्तर हा या जॅकेटचा सर्वांत निरुपयोगी भाग. ते जाळीच्या आत चेनने बसते, त्यामुळे अंग कोरडे राहते हे मान्य. पण बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते, खिशांत पाणी साठते आणि ओल्या जाळीवरून वाहणारा वारा अंगाला कापरे भरवतो. शिवाय पाऊस सुरू झाल्यावर रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवून अस्तर बसवणे हा एक वेगळाच द्राविडी प्राणायाम आहे. जॅकेटवरून चढवण्याचा साधा, सैल रेनकोट या बाबतीत केव्हाही सरस.

जीन्स मात्र या संचाचे खरे यश आहे. अरामिडचे अस्तर कमरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत सलग आहे, नुसते गुडघ्यावर आणि बसण्याच्या जागी ठिगळ लावलेले नाही, आणि घेताना जीन्स उलटी करून हेच पाहायचे असते. गुडघ्याचा पॅड वेल्क्रोमुळे वरखाली सरकवता येतो. तो गाडीवर बसलेल्या स्थितीत बेताचा बसवावा, उभे राहिल्यावर तो किंचित खाली वाटला तरी हरकत नाही. ही जीन्स घालून कामाच्या ठिकाणी दिवसभर बसता येते. पायऱ्या चढताना पॅड जाणवतात, अस्तरामुळे मांड्यांना ऊब लागते आणि नवेपणी ते थोडे खुपते, पण धुलाईनंतर मऊ पडते. खुब्याचे पॅड बसताना टोचतात म्हणून अनेकजण ते काढून टाकतात. तसे केल्यास लेबलावरची एए श्रेणी फक्त लेबलावरच उरते, कारण त्या श्रेणीत खुब्याचे पॅड गृहीत धरलेले असतात. मोटारसायकलच्या अपघातांत पायांना होणाऱ्या दुखापतींचे प्रमाण मोठे असते, तरीही दोनशे ग्रॅमच्या टी-शर्टावर भारी जॅकेट आणि खाली पातळ पँट असे दृश्य सर्रास दिसते. मला त्याचा उलगडा होत नाही.

हातमोज्यांविषयी माझे मत अधिकच ठाम आहे. माणूस पडताना हात आपोआप पुढे येतात, ते विचार करून टाकलेले नसतात. म्हणून छोट्या पडझडीतही सर्वांत आधी तळहात सोलवटतात. या मोज्यांच्या तळव्याच्या टाचेला, मनगटाजवळ, गुळगुळीत कडक प्लॅस्टिकचा तुकडा शिवलेला आहे. हात रस्त्यावर टेकल्यावर अडकण्याऐवजी सरकावा, म्हणजे मनगटाच्या छोट्या हाडांवर सगळा झटका येऊ नये, हा त्यामागचा हेतू. लेबलावर ईएन १३५९४ हा हातमोज्यांच्या मानकाचा क्रमांक आणि त्यापुढे १ केपी असे लिहिले आहे. केपी ही अक्षरे बोटांच्या सांध्यांवरील संरक्षणाची चाचणी झाल्याचे दाखवतात. मनगटाचा पट्टा आवळून दुसऱ्या हाताने मोजा ओढून पाहावा, तो निघून येता कामा नये. दोष सांगायचा तर मोबाइलचा पडदा ओळखणारे बोटाचे टोक काही कामाचे नाही, आणि भिजलेले मोजे वाळायला फार वेळ घेतात. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवल्यास चामडे ताठ होते, तेव्हा सावलीत वाळवणे भाग आहे.

बुटांबद्दल थोडक्यात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाटी, न दुमडणारा तळवा आणि गिअरच्या ठिकाणी जादा पट्टी आहे. चालायला ते कॅनव्हासच्या बुटांइतके हलके नाहीत. नाड्यांवर वेल्क्रोची झडप असल्याने नाडी फूटरेस्टमध्ये किंवा गिअरमध्ये अडकत नाही, आणि साध्या बुटांत नेमकी हीच भीती असते.

संरक्षक कपडे घातले की काम झाले, असा समज विक्रेते पसरवतात. तो तपासून पाहायला हवा. ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की रायडिंग जॅकेट, पँट आणि हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता लक्षणीय कमी होती. मात्र याच अभ्यासात अपघातग्रस्त जॅकेटांपैकी, पँटांपैकी आणि हातमोज्यांपैकी साधारण एक चतुर्थांश ते तीन दशांश कापड फाटून किंवा शिवण उसवून निकामी ठरले होते. म्हणूनच शिवणीकडे बारकाईने पाहावे. या संचात जीन्सच्या बाहेरील बाजूच्या शिवणी दुहेरी-तिहेरी आहेत, जॅकेटच्या काखेतली शिवण मात्र एकेरी आहे आणि तेथे जाळी ताणल्यावर टाके उघडे दिसतात. पुढे पुढे २०१८ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मोटोकॅप ही योजना बाजारातून कपडे विकत घेऊन त्यांची चाचणी करते आणि घर्षण, आघात, उकाडा यांचे गुण जाहीर करते. उत्पादकाच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा हे कितीतरी बरे. कपड्यांची मर्यादाही सांगायला हवी: वाहनाशी थेट धडक, छाती चेपणे किंवा पाय पिळवटणे यांपुढे जॅकेट आणि जीन्स फारसे काही करू शकत नाहीत. त्यांचा उपयोग मुख्यतः घसरणे, खरचटणे आणि मध्यम आघात यांसाठी आहे, आणि तो उपयोग पुरेसा मोठा आहे.

रंगाबद्दल एक टिप्पणी. हा संच पूर्ण काळा आहे. ऑकलंडमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परावर्तक किंवा चमकदार रंगाचे कपडे घालणाऱ्यांमध्ये अपघातजन्य दुखापतीचा धोका ३७ टक्के कमी आढळला होता. काळ्या जॅकेटच्या पाठीवर परावर्तक पट्टी आहे, पण पिशवी पाठीवर घेतली की ती पूर्ण झाकली जाते. जॅकेटवरून घालायचे पिवळे बिनबाह्यांचे जाकीट हा स्वस्त उपाय आहे, दिसायला मात्र कोणालाही ते आवडत नाही.

थोड्या अंतरासाठी एवढे कोण घालणार, हा रोजच्या कपड्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि तो मी नाकारत नाही. जॅकेट खुंटीवरून काढावे लागते, चेन आणि पट्टे लावावे लागतात, पोहोचल्यावर ते ठेवायचे कुठे हा प्रश्न उरतो, म्हणून जवळच्या फेरीला ते सर्वांत आधी गाळले जाते. जीन्स, बूट आणि हातमोजे मात्र सकाळी एकदा अंगावर चढले की दिवसभर साथ देतात. म्हणून पैसे एकदम खर्च करायचे नसतील, तर आधी हातमोजे, मग जीन्स, त्यानंतर बूट आणि शेवटी जॅकेट असा क्रम मी सुचवेन. या संचातले हातमोजे आणि जीन्स मी जुने झाल्यावर पुन्हा डोळे झाकून घेईन. जॅकेट पुन्हा घेणार नाही. पुढचे घेताना एए श्रेणीचे, काखेत दुहेरी शिवणीचे, फिकट रंगाचे आणि पावसाचे अस्तर नसलेले शोधेन, आणि पाठीच्या कप्प्यात खरा पाठरक्षक मावतो की नाही ते दुकानातच घालून पाहीन.