पुदुच्चेरीची वाट की गोव्याची?

१९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की कॉलेजांतून वादविवादाचा एक विषय हमखास येतो: १९६१ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात भारताने सैन्य पाठवलं ते योग्य, की वाटाघाटीच चालू ठेवायला हव्या होत्या? कोणती बाजू घ्यावी या विचारात असाल तर माझा अनुभव सांगतो. मीही कॉलेजात असताना हीच निवड केली होती.

वाटाघाटींच्या बाजूला फ्रेंचांच्या ताब्यातल्या पुदुच्चेरीसारखा दाखला नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये तिथल्या कीळूर गावी १७८ लोकप्रतिनिधींनी मतदान केलं, १७० जण भारतात विलीनीकरणाच्या बाजूने. १ नोव्हेंबरला फ्रेंचांनी कारभार सोपवला. कायदेशीर हस्तांतरण १९६२पर्यंत रेंगाळलं, पण त्यासाठी कुणाला झुरावं लागलं नाही.

गोव्यात समोरचा बोलायलाच बसेना. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९५१ मध्ये घटना बदलून गोव्याला पोर्तुगालचा सागरापारचा प्रांत करून टाकलं. वसाहतच नाही म्हटल्यावर चर्चा कसली? १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर सीमा बंद झाली.

मला खटकतं ते इथे. ‘अजून थोडं थांबायला हवं होतं’ म्हणणारे त्या थांबण्याचा हिशेबच धरत नाहीत. माझ्या आजीचं सासर सातार्ड्याला, माहेर नदीपलीकडे पेडण्यात. १९५७ मध्ये तिचे वडील गेले. निरोप तिसऱ्या दिवशी पोचला. ती नदीवर गेली, पलीकडचे माड दिसत होते, तिथेच डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्याने घरी येऊन चूल पेटवली. माहेरची पायरी ती चढली थेट १९६२च्या जानेवारीत.

सैन्याची बाजूही निर्दोष नाही. दोन्हीकडची मिळून पन्नासेक माणसं गेली. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकारामुळे निभावलं, आणि पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ मध्ये. दुसऱ्या एखाद्या सीमेवर हाच हिशेब लागू पडेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

तरी गोव्यापुरतं विचाराल तर मी सैन्याच्या बाजूने उभा राहिलो होतो, आजही राहीन. फक्त भाषणाची सुरुवात ‘३६ तासांत फत्ते’ अशी करू नका. त्याआधीची चौदा वर्षं आधी सांगा, आणि पुदुच्चेरीचं श्रेय समोरच्याने मागण्याआधी स्वतःच देऊन टाका.