सेफॅलेक्सिन की सेफिक्झिम? जुनी गोळी म्हणजे हलकी गोळी नव्हे

पायाला जखम झाली, आजूबाजूला लाल गरम सूज पसरायला लागली आणि डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन लिहून दिली की घरात पहिला प्रश्न येतो, एवढी जुनी गोळी कशाला, मागच्या तापाची सेफिक्झिम उरलीये ना कपाटात, तीच घेऊ. आईच्या वेळी आम्हीही हेच बोललो होतो. नका घेऊ.

दोन्ही गोळ्या अँटिबायोटिक्सच्या एकाच घराण्यातल्या. बॅक्टेरिया स्वतःभोवती भिंत बांधतो, त्या भिंतीचे धागे एकमेकांना जोडणारी एन्झाइम्स असतात, गोळी त्यांनाच जाऊन चिकटते, भिंत कच्ची राहते आणि बॅक्टेरिया फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते. पण त्वचेच्या इन्फेक्शनमागे बहुतेक वेळा स्टॅफ नाहीतर स्ट्रेप नावाचा बॅक्टेरिया असतो आणि स्टॅफच्या एन्झाइमला सेफिक्झिम नीट चिकटतच नाही, तिथे १९७०च्या आसपास बाजारात आलेली सेफॅलेक्सिनच सरस. सेफिक्झिमचा जोर दुसरीकडे, आपल्याकडे टायफॉइडला देतात ती. लघवीच्या इन्फेक्शनला दोन्ही वापरतात, तिथे कल्चर रिपोर्ट (कुठला बॅक्टेरिया आहे आणि त्यावर कुठली गोळी चालते हे सांगणारी तपासणी) बघूनच ठरवलेलं बरं.

आता सेफॅलेक्सिनचा त्रासदायक भाग म्हणजे वेळा. रक्तातलं प्रमाण साधारण तासाभरात निम्मं होतं म्हणून बऱ्याचदा दर ६ तासांनी घ्यावी लागते, सेफिक्झिमला त्यासाठी ३-४ तास लागतात म्हणून दिवसातून एकदा-दोनदा पुरते. डोस विसरायची सवय असेल तर डॉक्टरांना सेफाड्रॉक्सिलबद्दल विचारा, ती सेफॅलेक्सिनच्याच पिढीतली पण दिवसातून एक-दोनदाच. पोटाचं म्हणाल तर सेफॅलेक्सिन जवळजवळ पूर्ण शोषली जाते, सेफिक्झिम निम्मीच, उरलेली आतड्यात राहते आणि जुलाब होऊ शकतात. किडनी कमजोर असेल तर दोन्हींचा डोस बदलावा लागू शकतो.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत मात्र उलटं आहे. अ‍ॅम्पिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिनने कधी पित्त उठलं असेल तर आधी सांगाच, सेफॅलेक्सिनच्या रेणूचा एक भाग अ‍ॅम्पिसिलिनसारखाच आहे, सेफिक्झिमचा वेगळा.

सेफिक्झिम २०१४ पासून आपल्याकडे शेड्यूल एच१ या औषधांच्या सरकारी यादीत आहे, चिठ्ठी दाखवल्याशिवाय केमिस्टने द्यायची नाही आणि विक्रीची नोंद ठेवायची, ते उगाच नाही, अशा गोळ्या कशालाही खाल्ल्या की खरी गरज असते तेव्हा त्या चालेनाशा होतात. अर्थात एमआरएसए नावाचा, नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा स्टॅफ असेल तर सेफॅलेक्सिनही कामाची नाही, आणि आत पू साठला असेल तर तो आधी काढावाच लागतो.

गोळी सुरू केल्यावर लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. दोन दिवसांनी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली, किंवा मध्येच थंडी वाजून ताप आला, तर लगेच परत डॉक्टरांकडे.