खुब्याच्या ऑपरेशननंतरचं दुखणं : ब्लॉक घ्यायचा का, आणि घेतला तर कुठला?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ येतात, पेशंटला तपासतात आणि निघताना विचारतात, "नंतर दुखू नये म्हणून ब्लॉक देऊ या, चालेल ना?" मुलगा किंवा सून संमतिपत्रावर सही करून मोकळी होते. ब्लॉक म्हणजे नक्की काय, हे विचारायचं त्या धावपळीत सुचत नाही. तर ब्लॉक म्हणजे दुखण्याची जाणीव नेणाऱ्या नसेभोवती सुईने भूल सोडून तेवढाच भाग सुन्न करणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पेशंटला वॉकर धरून उभं करायला मी जाते. पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून माझी बरीच वर्षं याच कामात गेली. रात्र कशी गेली, ब्लॉक होता का, गोळ्या वेळेवर मिळाल्या का, हे पेशंटच्या चेहऱ्यावरून आणि मांडीवर हात ठेवल्यावर फाइल उघडायच्या आधीच कळतं. औषध आणि डोस ठरवणं भूलतज्ज्ञांचं काम, त्यात मी पडत नाही. पण सही करण्याआधी घरच्यांना काय माहीत असावं, ते सांगू शकते.

खुबा मोडलाय की झिजलाय?

सगळा निर्णय या एका प्रश्नावर फिरतो.

आधी मोडलेला घेऊ. ओल्या बाथरूममध्ये पाय घसरला, रात्री अंधारात उठताना तोल गेला, पेठेतल्या जुन्या वाड्याचा जिना उतरताना शेवटची पायरी चुकली. वय सत्तर-ऐंशी. इथे दुखणं ऑपरेशननंतरचं नसतं, ते पडल्या क्षणापासूनचं असतं. रिक्षातून किंवा ॲम्ब्युलन्समधून आणताना, एक्स-रेसाठी पाय सरळ करताना, बेडपॅन सरकवताना, दर वेळी आजी कळवळतात. फिटनेस निघेपर्यंत, टूडी इको होईपर्यंत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा हिशेब लागेपर्यंत एक-दोन दिवस जातात. या काळात बहुतेकांना ट्रॅमाडॉलसारखी दुखणं दाबणारी गुंगीची इंजेक्शनं मिळतात. त्यांनी मळमळतं, झापड येते, पोट साफ होत नाही. मग रात्री दोन वाजता आजी सलाईन ओढून काढतात, "मला घरी जायचंय" म्हणत उठू बघतात, पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. याला डिलिरियम म्हणतात. घरच्यांना वाटतं, आईचं डोकं गेलं. बहुतेकदा तसं नसतं. न शमलेलं दुखणं आणि ते शमवायला दिलेली गुंगीची औषधं, दोन्ही मिळून हा भ्रम वाढवतात.

अशा पेशंटच्या बाबतीत मी ठामपणे ब्लॉकच्या बाजूने आहे, आणि तोही ऑपरेशननंतर नव्हे, दाखल झाल्या दिवशीच. जांघेजवळ सोनोग्राफीवर बघत शिरेभोवती भूल सोडली की अर्ध्या तासाच्या आत पाय हलवताना होणारी कळ बरीच कमी होते. शीर म्हणजे इथे नस, रक्तवाहिनी नव्हे. कॉक्रेन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या 2020 च्या आढाव्यात खुबा मोडलेल्या पेशंटवरचे 49 अभ्यास एकत्र तपासले होते. ब्लॉक दिलेल्यांत हालचालीचं दुखणं कमी होतं, भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं, छातीचा जंतुसंसर्गही कमी दिसला आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं राहण्याची वेळ साधारण 11 तासांनी अलीकडे आली. म्हातारपणी हे अकरा तास फार मोलाचे असतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बहुतेक ऑपरेशनं पाठीतून भूल देऊन, म्हणजे स्पायनलखाली होतात. त्यासाठी पेशंटला वाकून बसवावं लागतं, नाहीतर कुशीवर वळवावं लागतं. मोडलेला खुबा घेऊन बसून बघा म्हणजे काय असतं ते कळेल. आधी ब्लॉक दिला असेल तर ही पाच मिनिटं सुसह्य होतात. लहान हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ फक्त ऑपरेशनपुरते बोलावतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ब्लॉक मिळेलच असं नाही. तरी विचारा. अनेकदा विचारल्यावर सोय होते.

आता झिजलेला खुबा. संधिवात किंवा एव्हीएनमुळे (रक्तपुरवठा तुटून हाड मरतं त्यामुळे) सांधा गेला, तारीख ठरवून सांधा बदलायचा आहे. पेशंट तुलनेने तरुण, फिटनेस आधीच झालेला. सांधा बदलल्यावर दुखतं, पण गुडघा बदलल्याइतकं सहसा नाही. पॅरासिटामॉल घड्याळ लावून, मूत्रपिंड आणि पोट झेपवत असेल तर सूज उतरवणारी गोळी, ऑपरेशनच्या वेळी डेक्सामिथासोन या स्टिरॉइडचा एक डोस, एवढ्यावर कित्येक जण त्याच संध्याकाळी चार पावलं टाकतात. (मधुमेह असेल तर या डेक्सामिथासोनने दोन दिवस साखर चढते, घाबरू नका, फक्त तपासत राहा.) इथे ब्लॉकने फायदा होतो, पण मोडलेल्या खुब्याइतका ठळक नाही. शिवाय इथे ब्लॉकला एक तोडीस तोड पर्याय आहे : ऑपरेशन संपवताना सर्जन स्वतःच सांध्याभोवतीच्या मांसात भूल भरतात. ऑपरेशननंतरचं दुखणं कसं हाताळावं हे सांगणाऱ्या प्रॉस्पेक्ट या तज्ज्ञगटाच्या 2021 च्या शिफारशींमध्ये खुबा बदलण्यासाठी मूळ गोळ्यांच्या जोडीला फॅशिया इलिआका ब्लॉक (तो कसा असतो ते पुढे येतंच) किंवा ही सर्जनने भरलेली भूल, दोन्हींपैकी एक सुचवली आहे. तुमच्या सर्जनचा हात या दुसऱ्या पद्धतीवर बसलेला असेल, तर ब्लॉकसाठी हट्ट धरू नका.

ब्लॉक-ब्लॉकमध्ये फरक

खुब्याच्या सांध्याच्या पुढच्या बाजूची संवेदना मुख्यतः फिमोरल आणि ऑब्ट्युरेटर या नसांच्या फांद्या नेतात, मागच्या बाजूची सायटिकच्या परिसरातल्या फांद्या. जिथे टाके पडतात तिथली मांडीच्या बाहेरच्या अंगाची कातडी बरीचशी वेगळ्याच नसेकडे असते. त्यामुळे एका सुईने सगळं सुन्न होईल, ही अपेक्षाच चूक आहे.

नुसता फिमोरल ब्लॉक जुना आणि सोपा. पण गुडघा सरळ धरणारा मांडीचा पुढचा स्नायू याच नसेवर चालतो. नस बधिर झाली की तो स्नायू ढिला पडतो. पेशंट म्हणतो, "मॅडम, काही दुखत नाहीये," आणि उभं राहताक्षणी गुडघा मुडपतो. नवीन बसवलेला सांधा घेऊन पडणं म्हणजे पुन्हा ऑपरेशन टेबल. ठरवून सांधा बदलणाऱ्यांना प्रॉस्पेक्टनेही हा ब्लॉक सुचवलेला नाही, आणि माझंही मत तेच आहे.

फॅशिया इलिआका ब्लॉकमध्ये जांघेतल्या एका पडद्याखाली भरपूर, साधारण 30 ते 40 मिली, पातळ केलेली भूल सोडतात. ती पसरत जाऊन फिमोरल आणि बाहेरच्या कातडीची नस, दोन्ही पकडते. नसेपासून लांब टोचत असल्यामुळे शिकायला सोपा, कॅज्युअल्टीतही देता येतो. टाक्यांची आग याने चांगली शमते. मांडीची ताकद मात्र थोडीफार जातेच.

पेंग ब्लॉक सगळ्यात नवा. टोरांटोच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये तो पहिल्यांदा मांडला. यात साधारण 20 मिली भूल थेट सांध्याच्या पुढच्या हाडालगत सोडतात, म्हणजे सांध्याकडे जाणाऱ्या बारीक फांद्याच तेवढ्या सुन्न होतात आणि मांडीची ताकद बहुतांशी टिकते. सकाळी उभं करायला मला असे पेशंट सगळ्यात आवडतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. औषध पसरलं तर यातही मांडी ढिली पडू शकते. आणि कातडी सुन्न होत नाही, त्यामुळे टाक्यांपाशी चुरचुरतं. त्यासाठी सर्जनने कातडीखाली भूल भरावी लागते, नाहीतर बाहेरच्या नसेचा छोटा ब्लॉक जोडावा लागतो. "ब्लॉक फसला" अशी तक्रार मी ऐकते, तेव्हा पुष्कळदा हीच कातडीची आग असते.

तर, आजींचा खुबा मोडलाय आणि ऑपरेशनला अजून वेळ आहे : फॅशिया इलिआका किंवा पेंग, भूलतज्ज्ञांचा हात ज्यात बसलाय तो. सांधा बदलायचा आहे आणि त्याच संध्याकाळी चालवायचंय : पेंग, किंवा सर्जनने भरलेली भूल.

एपिड्युरलने, म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून तिच्यातून भूल देत राहिल्याने, दुखणं उत्तम थांबतं. पण रक्तदाब उतरतो, लघवीला नळी लागते, दोन्ही पाय जड होतात, आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात देतात त्या इंजेक्शनशी पाठीतली नळी काढण्याची वेळ जुळवावी लागते. नुसत्या खुब्यासाठी एवढा खटाटोप आता फारसा करत नाहीत. पाठीमागून खोलवर दिला जाणारा लंबर प्लेक्सस ब्लॉकही दुष्परिणामांमुळे मागे पडला.

"त्यापेक्षा पट्टी लावा ना"

बुप्रेनॉर्फिन या गुंगीच्या वेदनाशामकाची, कातडीवर चिकटवायची सात दिवसांची पट्टी पुण्यात बऱ्याच ठिकाणी लावतात. नातेवाइकांना ती आवडते, कारण सुई नाही, टोचणं नाही. पण पट्टीचा पूर्ण असर यायला एखादा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. ऑपरेशनची पहिली रात्र, जी सगळ्यात कठीण, त्या रात्री पट्टी उपयोगी पडतच नाही. उलट मी उभं करायला जाते तेव्हा पेशंटला गरगरतं, कोरड्या उलट्या येतात, आणि पट्टी काढून टाकली तरी असर पुढे बराच वेळ रेंगाळतो. वयस्कर पेशंटसाठी ब्लॉक आणि पट्टी यांतून एकच निवडायचं असेल, तर मी ब्लॉक निवडेन.

ब्लॉक उतरतो ती रात्र

एका सुईचा ब्लॉक साधारण आठ ते अठरा तास टिकतो. दुपारी ऑपरेशन झालं असेल तर तो नेमका मध्यरात्री ते पहाटे उतरतो, आणि दाबून ठेवलेलं दुखणं एकदम उसळतं. संध्याकाळी पेशंट मजेत चहा पीत असतो, घरचे म्हणतात "दुखत नाहीये तर कशाला उगाच गोळ्या?" आणि रात्रीचा डोस चुकतो. माझ्या कामात सगळ्यात जास्त सकाळी याच एका चुकीने वाया गेल्या आहेत. दुखत नसलं तरी डॉक्टरांनी लिहिलेली गोळी त्या वेळेला द्यायचीच.

पाय सुन्न आहे तोवर त्याला गरम पाण्याची पिशवी लावू नका. चटका बसला तरी कळणार नाही, सकाळी फोड दिसतील. टाचेखाली गादीचा दाब राहतो, म्हणून पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवा. आणि कुणी सोबत असल्याशिवाय बाथरूमला उठायचं नाही, पेंग असला तरी.

विचारण्याआधी सांगायच्या गोष्टी

क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, वॉरफरिन, रक्त पातळ करणारी जी गोळी चालू असेल तिची रिकामी स्ट्रिप घेऊन जा. क्लोपिडोग्रेलमुळे स्पायनल काही दिवस लांबवावी लागू शकते, पण फॅशिया इलिआकासारखा वरवरचा ब्लॉक, जिथे रक्त आलंच तर हाताने दाबता येतं, तो अनेकदा तेव्हाही देता येतो. म्हणजे ऑपरेशन थांबलं तरी दुखण्यावरचा उपाय थांबायची गरज नसते. मधुमेहाने पायाला आधीच मुंग्या येत असतील, भुलेच्या औषधाची कधी ॲलर्जी आली असेल, तर तेही सांगा. नसेला कायमची इजा होणं फार दुर्मीळ आहे, दहा हजारांत दोन-चार. भूल चुकून रक्तात गेली तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून सोनोग्राफीवर बघून देणार का आणि त्यावरचं लिपिडचं औषध हाताशी आहे का, हे बिनधास्त विचारा. चांगले भूलतज्ज्ञ या प्रश्नाने रागावत नाहीत. ब्लॉकचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे लागतील, हेही तेव्हाच विचारून घ्या.

शेवटची एक खूण घरच्यांनी लक्षात ठेवावी. स्पायनल दोन-चार तासांत उतरते. त्यानंतर पेशंटला पाऊल वर ओढायला सांगा, पंजा नाकाच्या दिशेने. मांडी जड असेल तर ते ब्लॉकमुळे असू शकतं. पण फॅशिया इलिआका असो की पेंग, पुढून दिलेल्या ब्लॉकने पंजा लुळा पडत नाही, कारण तो मागच्या सायटिक नसेवर चालतो. पंजा वर येत नसेल, तर "ब्लॉक आहे, उतरेल" असं म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. सिस्टरना सांगा आणि सर्जनना त्याच वेळी फोन करायला लावा.