शिवनेरीच्या सहलीसाठी सोबतचे पालक तयार करून देणारी सेवा : आमच्या शाळेचा अनुभव

सातवीच्या ६४ मुलांची शिवनेरी आणि लेण्याद्रीची सहल ठरली, तेव्हा आमच्या पालक-शिक्षक संघाने सहल नेणाऱ्या संस्थेकडून आणखी एक सेवा घेतली : सोबत जाणाऱ्या पालकांची निवड आणि त्यांची अर्ध्या दिवसाची तयारी. त्यासाठी माणशी ३०० रुपये आकारले गेले. पुढे एक गंभीर तक्रारही नोंदवायची असल्याने संस्थेचे नाव देत नाही.

आमच्याकडे १९ पालकांची नावे आली होती, आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे ज्यांनी आधी नाव दिले त्यांनाच आम्ही घेतले असते. संस्थेने प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून तीन गोष्टी विचारल्या : गड चढण्याची ताकद आहे का, दिवसभर फोन खिशात ठेवाल का, आणि स्वतःचे मूल दुसऱ्याच्या गटात दिले तर चालेल का. शेवटच्या अटीवर पाच जणांनी नावे मागे घेतली. मलाही ती अट आधी जाचक वाटली होती. परंतु आपले मूल गटात असले की नजर त्याच्याच मागे फिरते आणि बाकीच्या सात मुलांकडे दुर्लक्ष होते, हे गडावर गेल्यावर मनोमन पटले. निवडलेल्या आठही जणांकडून पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घेण्यात आले आणि कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने आडोशाला जायचे नाही, हा नियम लेखी मान्य करून घेण्यात आला.

तयारीच्या वर्गाची सुरुवात दोन दुर्घटनांनी झाली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या, आणि त्या नावेतल्या अनेक मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. मोठी माणसे जवळ असूनही हे घडले, एवढेच प्रशिक्षक बाईंनी सांगितले आणि आम्हाला मैदानावर नेले.

तिथे शिकवलेली हजेरीची पद्धत मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. डोकी मोजायची नाहीत. गटातल्या मुलांना १ ते ८ क्रमांक द्यायचे, मुलांनी क्रमाने आकडा उच्चारायचा आणि सोबत्याने प्रत्येक आकड्याला त्या मुलाचा चेहरा पाहायचा. सरावात पाणी प्यायला गेलेल्या मित्राचा ‘पाच’ दुसऱ्यानेच म्हटला, आणि यादीकडे पाहत असलेल्या माझ्या ते लक्षातही आले नाही. बाईंनी माझ्या हातातली यादी काढून घेतली आणि आठही नावे पाठ होईपर्यंत परत दिली नाही. शिवनेरीवर वाटेतले सातही दरवाजे आमच्या हजेरीच्या जागा झाले. गंगा-जमुना टाक्यांपाशी आणि कडेलोटाच्या टोकावर एका सोबत्याने दरीकडे पाठ करून, मुले आणि कडा यांच्यामध्ये उभे राहायचे हेही आधीच ठरले होते. आग्या मोहोळांमुळे अत्तर लावायचे नाही, लेण्याद्रीला माकडांसमोर खाऊ बाहेर काढायचा नाही, या सूचनाही वेळेवर मिळाल्या.

आता तक्रार. आदल्या रात्री आमच्यातले एक पालक तापाने आजारी पडले आणि संस्थेने त्यांच्या जागी आपला एक तरुण कर्मचारी पाठवला. तो मुलांना कधी भेटला नव्हता, त्याची पडताळणी झाली होती का हे विचारल्यावर स्पष्ट उत्तर मिळाले नाही, आणि त्याच्या गटात दमा असलेली एक मुलगी होती. इनहेलर सोबत्याच्या कमरेच्या पिशवीत असायला हवे, हे आम्हाला दोनदा बजावले होते. त्याला ते कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे ते पायथ्याशी बसमध्ये राहिले. हत्ती दरवाजापाशी तिला धाप लागली. तिच्या वर्गशिक्षिकेने आईकडून जादा इनहेलर मागून घेतले होते, म्हणून पाच मिनिटांत ती सावरली. त्या पाच मिनिटांत तिचा हात माझ्या हातात होता आणि बोटे गार पडली होती. हे मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही : इतकी नेटकी निवड आणि तयारी करणाऱ्या संस्थेने बदली माणसाचा विचारच करू नये, ही अक्षम्य चूक आहे.

संस्थेने लेखी दिलगिरी व्यक्त केली आणि तयारीचे निम्मे शुल्क परत केले. पुढच्या वर्षी आम्ही हीच सेवा घेणार आहोत, मात्र आठ जागांसाठी दहा पालकांची निवड, पडताळणी आणि तयारी होईल, आणि त्या दहांबाहेरचा कोणीही मुलांच्या गटाबरोबर जाणार नाही, या दोन अटी करारात घालूनच.